जाणाऱ्याला विचारायचं कसं

आपल्याला शिकवता येतं, याबद्दल वैष्णवी देवकातेच्या मनात कधीच शंका नव्हती. शंका होती ती शंभूराज सरांच्या मनात, आणि क्लास त्यांचा होता.

बारामतीत भिगवण रस्त्याला, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचे इंग्रजीचे वर्ग संध्याकाळी भरत. सत्त्याण्णव साल होतं. आजूबाजूला कारखाने उभे राहत होते, द्राक्षं परदेशी जायला लागली होती, आणि दहावी-बारावीला इंग्रजीत पास झालेली माणसंसुद्धा समोरचा इंग्रजीत बोलला की आपल्या चपलांकडे बघत बसत. सरांचा उपाय ठरलेला होता. भिंतीवर काळांचा तक्ता लावायचा, तो तोंडपाठ करून घ्यायचा, आणि 'राम शाळेत जातो' हे वाक्य झाडून सगळ्या काळांतून फिरवून आणायचं. लेखी परीक्षेत त्यांची मुलं चमकत. बोलायची वेळ आली की गाडी रामापाशी अडायची.

जूनमध्ये इंदापूरला नवी शाखा निघणार होती. ती वैष्णवीला हवी होती. लासुर्ण्याहून रोज एसटीने येऊन दुसऱ्याच्या पद्धतीनं शिकवण्याचा तिला कंटाळा आला होता. तसं तिनं बोलूनही दाखवलं. सरांनी तिला मधली बॅच दिली. व्याकरण येतं पण तोंड उघडत नाही, अशा लोकांची.

"शेवटी माझे प्राध्यापक पाध्ये सर पुण्याहून तोंडी परीक्षेला येतील," ते म्हणाले. "बॅच बोलली तर इंदापूर तुझं. नाही बोलली, तर माझा पुतण्या नागेश आहेच."

"बोलेल," वैष्णवी म्हणाली.

पहिल्याच दिवशी तिनं रामाला सुट्टी दिली. इथं फक्त खरं बोलायचं, तिनं सांगितलं. आपल्या घरातलं, आपल्या कामातलं. चुकलं तर चुकू दे, खोटं नको.

बॅचमध्ये सुप्याचा भिमा होता. दिवसा ट्रॅक्टर चालवायचा आणि पुण्यात एका कंपनीत स्टोअरकीपरच्या जागेसाठी खटपट करत होता. पणदऱ्याच्या छबूबाई राऊत होत्या. त्यांच्या मळ्यातला फ्लॉवर आणि ढोबळी मिरची पुण्याच्या एका हॉटेलात जायची. हॉटेलचा माणूस फोनवर इंग्रजीत सुरू झाला की छबूबाईंचा नवरा रिसीव्हर बायकोच्या हातात देऊन विहिरीवरची मोटार बघायच्या निमित्तानं बाहेर पडायचा. छबूबाई बारावी झालेल्या होत्या, पण त्याला पंधरा-वीस वर्षं उलटून गेली होती.

महिन्याभरात त्या दोघांसह सगळीच बॅच बोलायला लागली. छबूबाई मिरचीवरच्या किडीबद्दल इतक्या रागानं बोलत की काळ चुकला तरी कीड डोळ्यांसमोर उभी राही. भिमानं एकदा नीरा कालव्यात ट्रॉली कशी कलंडली ते सांगितलं, आणि चुका सुधारायच्या आहेत हे वैष्णवी विसरूनच गेली.

मग परीक्षेचा सराव आला. पाध्ये सर नेहमी एकच प्रसंग देतात, असं शंभूराज सरांनी सांगून ठेवलं होतं. एकजण घरातून बाहेर निघालाय आणि दुसरा त्याला प्रश्न विचारतोय. पहिला प्रश्न ठरलेला. व्हेअर आर यू गोइंग? कुठं चाललास?

भिमाला पुण्याच्या कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं नुकतंच आलं होतं. वैष्णवीला तो प्रसंग आयताच मिळाला. तिनं भिमाला पिशवी घेऊन दाराकडं जायला सांगितलं.

"हं, छबूबाई. विचारा त्याला."

छबूबाई उभ्या राहिल्या. भिमाकडं बघितलं, पदर नीट केला आणि गप्प राहिल्या.

"पहिला शब्द व्हेअर," वैष्णवीनं आठवण केली.

"म्हाईत हाय, मॅडम."

"मग?"

छबूबाई खाली बसल्या. दुसऱ्याला उठवलं, तोही घुटमळला. तिसऱ्याचं तेच. वैष्णवीनं फळ्यावर वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. सगळ्यांनी वहीत उतरून घेतलं. भिमा दाराशी गेला की मात्र एकाही तोंडातून ते निघेना. नेमके त्याच वेळी शंभूराज सर डोकावले.

"किडीवर भाषण करतात आणि सोपा प्रश्न येत नाही," ते हसून म्हणाले. "तक्ता पाठ असता तर ही पाळी आली नसती. नागेशला पाठवू का थोडा सराव घ्यायला?"

"नको," वैष्णवी म्हणाली. पण त्या दिवशी परतीच्या एसटीत तिला पहिल्यांदाच आपल्या पद्धतीची काळजी वाटली. जे सगळ्यात सोपं, तेच कसं अडावं?

दुसऱ्या दिवशी ती घरून निघाली तेव्हा आई, सारजा, डबा घेऊन दारात आली. शेजारचे तात्या कट्ट्यावर तंबाखू मळत बसले होते.

"लांब का गं पोरी?" तात्यांनी विचारलं.

"बारामतीला, तात्या," वैष्णवीनं रोजच्यासारखं सांगितलं आणि चार पावलं टाकून ती जागच्या जागी थांबली.

लांब का. तात्यांनी तिला 'कुठं चाललीस' असं कधी म्हणजे कधी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून अडवायचं नसतं, काम फिसकटतं. तिच्या वडिलांची, आबाजींची, मेंढरं होती तेव्हा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हलवताना एखाद्यानं चुकून तसं विचारलं, तर ते घोड्याचा लगाम सोडून खाली बसत, पाण्याचे दोन घोट घेत आणि मगच वाट धरत. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. इंग्रजीलाही ते लागू असेल, हे मात्र सुचलं नव्हतं.

वर्गात गेल्या गेल्या तिनं छबूबाईंना बाजूला घेतलं.

"त्या 'कुठं'मुळं होय?"

"मग काय तर. पोराची मुलाखत हाय. आन् मी दारात इचारू व्हय त्याला?"

"अहो, पण ते इंग्रजीत आहे."

"इंग्रजीत इचारलं म्हंजे काय झालं? जायाचं तर त्यालाच हाय न्हवं?" छबूबाई म्हणाल्या. "तुमचा तो राम असता तर धा येळा इचारलं असतं. त्याला काय, कुठंबी जाऊ दे."

वैष्णवी खो खो हसली. तिची पद्धत फसली नव्हती, गरजेपेक्षा जास्त लागू पडली होती. या लोकांना इंग्रजी आता खरं वाटत होतं. पाठ केलेलं वाक्य कुणाला बाधत नाही. मनापासून बोललेलं बाधतं.

शंभूराज सरांना तिनं हे सांगितलं, तेव्हा ते कपाळावर हात मारून घ्यायचे तेवढे राहिले.

"एकच वाक्य आहे, वैष्णवी. डोळे मिटून म्हणायला लाव. पाध्ये सरांना असली कारणं चालत नाहीत. आणि नेमका भिमाच कशाला? दुसऱ्या कुणाला उभं कर."

"भिमाच जाईल. आणि जे त्यांना म्हणायचं नाही, ते मी म्हणायला लावणार नाही. खरं बोला, असं मीच सांगितलंय."

"इंदापूर घालवशील."

"बघू या."

परीक्षेच्या दिवशी भिमा इस्त्रीचा शर्ट घालून आणि खरीच पिशवी घेऊन आला. परीक्षा झाली की त्याला तसंच पुण्याची गाडी गाठायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत. पाध्ये सर गोरे, कृश, बोलायला मऊ आणि गुण द्यायला कडक असे गृहस्थ होते. त्यांनी प्रसंग सांगितला. भिमा पिशवी उचलून दाराकडं निघाला. छबूबाई उठतायत तोवर वेळ जातोय असं वाटून पाध्ये सरांनी स्वतःच आवाज दिला.

"व्हेअर आर यू गोइंग?"

भिमा उंबऱ्यापाशी थबकला. मागं फिरला. पिशवी खाली ठेवली, बाकावर बसला आणि माठातलं पाणी घेऊन सावकाश प्यायला.

पाध्ये सरांनी कागदावर पेन्सिल टेकवली. "प्रश्न समजला नाही याला," ते शंभूराज सरांना हळूच म्हणाले. शंभूराज सरांनी वैष्णवीकडं बघितलं. तिला खुलासा करायचा होता. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण आता ती बोलली असती, तर परीक्षा तिची झाली असती. तिनं दोन्ही हात पाठीमागं धरून ठेवले.

भिमानं पेला खाली ठेवला.

"सर, मला समजलं," तो म्हणाला, इंग्रजीत. मग अडखळत, पण न थांबता, सगळं इंग्रजीतच सांगत गेला. मी खरोखरच निघालो आहे. आमच्याकडं निघालेल्या माणसाला हे कुणी विचारत नाही. विचारलंच, तर तो बसतो, पाणी पितो आणि नव्यानं निघतो. माझे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, तेही असंच करायचे. तुमचा राग नाही, सर. तुम्ही पुण्याचे आहात, तुम्हाला कोण सांगणार.

त्यात दोन-तीन चुका होत्या. वैष्णवीनं त्या ऐकल्या आणि सोडून दिल्या.

"मग विचारायचं तरी कसं?" पाध्ये सरांनी विचारलं, तेही इंग्रजीत.

उत्तर छबूबाईंनी दिलं. त्या कधी उठून उभ्या राहिल्या ते त्यांनाही कळलं नसावं. "इज इट फार?" त्या भिमाला म्हणाल्या. मग तोफखानाच सुरू झाला. सोबत कोण आहे? कधी परत येशील? जेवलास का? कागदपत्रं वरच्या खिशात का ठेवलीस, पडतील की. भिमा एकेकाचं उत्तर देत गेला, आणि दोघांच्या बोलण्यातून पुणं, कंपनी, मुलाखत, सगळं आपोआप बाहेर आलं. शेवटी छबूबाईंनी पाध्ये सरांकडं वळून इंग्रजीतच सांगितलं, "आता त्याला जाऊ द्या, सर. गाडी चुकेल."

पाध्ये सर मोठ्यानं हसले. "इज इट फार?" त्यांनी भिमाला मुद्दाम विचारलं.

"नॉट व्हेरी फार, सर," भिमा म्हणाला आणि पिशवी घेऊन जिना उतरून गेला.

सगळ्यांची परीक्षा होईपर्यंत दिवे लागले. गुणांचा कागद शंभूराज सरांच्या हातात देत पाध्ये सर म्हणाले, "तुझी बॅच पाठ करून आलेली नाही रे. बोलतेय." शंभूराज सरांनी कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "इंदापूर तुझं. रविवारी जागा बघायला जाऊ. बसस्टँडजवळ दोन खोल्या आहेत म्हणे."

"मी बघून आले, सर. धाकटीत आवाज घुमतो. थोरली घ्यायची, असं मालकांना सांगून ठेवलंय."

"परीक्षेच्या आधीच?"

"हो," वैष्णवी म्हणाली. "परीक्षेनंतर गेले असते, तर ती दुसऱ्या कुणाला मिळाली असती."