बीच अव्हेन्यूचं फाटक

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं फाटक दिसतं. गेली चौदा वर्षं त्याच फाटकातून आत जाऊन मी पोरांना दुपारचं जेवण वाढते. म्हणूनच माझ्याजवळच राहणाऱ्या माझ्या लेकीने, लोरनाने, अर्जात सहा शाळा लिहायची सोय असताना एकच लिहिली. समोरची शाळा आपलीच, असं आम्हा फ्लॅटवाल्यांना वाटायचं. मार्चच्या पहिल्या तारखेला नकार आला. नातीला, मार्नीला, दोन बस बदलून जावं लागेल अशी शाळा मिळाली, जी कुणीच मागत नाही.

पत्रात लिहिलं होतं, घरापासून अंतर अर्धा मैल. सगळ्या जागा पाव मैलाच्या आतल्या मुलांनीच भरल्या.

"अर्धा मैल?" मी म्हटलं. "भर पावसात गेले तरी माझे केस भिजत नाहीत."

"आई, कॉम्प्युटरने मोजलंय."

"त्याला कुठून मोज म्हणून कुणी सांगितलं?"

कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला. तिथली बाई म्हणाली, शाळा तीन वर्षांपूर्वी आमच्या हातातून गेली, आता नियम त्यांचे तेच करतात. ते मला ठाऊक होतं. शाळा स्वतंत्र झाली त्या दिवशीचा केक मीच वाटला होता. पण तेव्हापासून माझ्यासमोर येणाऱ्या ताटांमागचे चेहरे बदलत चालले होते, आणि गरीब घरची, फुकट जेवणाची पोरं दर वर्षी कमी होत होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

शाळेची नियमावली लोरनाने फोनवर उघडली. चौदाव्या पानावर सापडलं: अंतर बीच अव्हेन्यूच्या फाटकापासून मोजावं. ते फाटक मैदानाच्या पार पलीकडे, दोन-दोन गाड्यांच्या घरांसमोर. दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर मी मुद्दाम तिकडे गेले. साखळी गंजलेली, कुलपावर वेल चढलेला. चौदा वर्षांत तिथून कुणी आलं-गेलेलं मला आठवत नव्हतं.

आम्ही अपील केलं. सुनावणी शाळेच्याच ग्रंथालयात ठेवली, तेव्हाच मी मनात म्हटलं, झालं. समोर तीन परके पंच, शेजारी शाळेचे व्यवस्थापक पेनहॅलो. रोज माझ्याकडून जास्तीचा रस्सा मागून घेणारा हा माणूस त्या दिवशी माझ्याकडे बघेना.

"मिस्टर पेनहॅलो," मी विचारलं, "ते फाटक शेवटचं कधी उघडलं?"

"ते फाटक अंतर मोजण्यासाठी आहे."

"म्हणजे ये-जा करायला नाही?"

"सध्या नाही."

पंचांतल्या म्हाताऱ्या बाईने चष्मा काढला. "आम्ही तिघं आज समोरच्या फाटकातूनच आलो," ती म्हणाली, आणि तिने काहीतरी लिहून घेतलं.

आठवड्याने पत्र आलं. जे फाटक वापरातच नाही तिथून मोजणं वाजवी नाही. मार्नीला प्रवेश द्यावा. मार्नी घरभर नाचली, लोरना रडली. मी पत्र तीनदा वाचलं. इतक्या सहज कुणी काही सोडत नाही.

पुढच्या सोमवारी बीच अव्हेन्यूच्या फाटकाला नवं कुलूप आलं, ताजा हिरवा रंग लागला. सकाळी वीस मिनिटं ते उघडं ठेवायला माणूस नेमला. चार-पाच पोरं तिथून येऊही लागली.

दुपारी पेनहॅलो ताट घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "ग्वेन, बरं झालं तुम्ही लक्षात आणून दिलंत," ते म्हणाले. मी रस्सा वाढला. जास्तीचा मात्र नाही.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरची फदुमो वर आली. तिची लेक होदान पुढच्या वर्षी अर्ज भरणार. हातात वही आणि पेन.

"ग्वेन, तू त्यांना नेमकं काय विचारलंस ते सांग. मी लिहून घेते. होदानसाठी मीही तेच विचारीन."

मार्नी आतल्या खोलीत शाळेचा नवा कोट घालून आरशात बघत होती. फदुमो पेन उघडून वाट बघत बसली, आणि ते फाटक आता रोज उघडतं, त्या प्रश्नाचं उत्तर आता शाळेकडे आहे, ते मीच त्यांना मिळवून दिलं, हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना.