विहिरीच्या पाण्यातला भंडारा

पाणी पिवळं होतं. मिरजेतल्या त्या लहानशा प्रयोगशाळेत अबोली तीन वर्षं पाणी तपासत होती, पण हळदीचा वास येणारं पाणी पहिल्यांदाच आलं होतं.

तिनं ते सिरिंजमध्ये ओढलं, टोकाला रुपयाएवढा पांढरा फिल्टर बसवला आणि दट्ट्या दाबला. दोन थेंब पडले नि अडलं. तिनं अंगठा दुखेपर्यंत जोर केला, तसा फिल्टर सुटून उडाला आणि पिवळा शिंतोडा थेट शरच्चंद्रकाकांच्या सदऱ्यावर गेला.

काका तिथले प्रमुख. संध्याकाळी सांगलीला कीर्तन, म्हणून सकाळीच परीटघडीचा सदरा घालून आलेले.

"अगं, पूर्वरंग सोडून एकदम आख्यानालाच हात?" ते हसले. "गाळ आहे त्यात. आधी जाड फिल्टर लाव, मग बारीक."

तसं केल्यावर पाणी सुरळीत उतरलं, पण पिवळी झाक राहिलीच. काकांनी बाटली हुंगली. "हे विहिरीतलं नव्हे. पाणी घेऊन आलेल्या आजींना आत बोलाव."

सुलाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. कवठे महांकाळकडच्या माळावरून पहिली एस.टी. धरून आलेल्या.

"आजी, पाण्यात काय घातलंत?" अबोलीनं विचारलं.

"काय न्हाई. भंडारा. बिरोबाचा."

"मी फोनवर सांगितलं होतं ना, पाण्यात काही घालू नका म्हणून?"

"व्हय की. म्हनून तर चिमूटभरच घातला. आमच्यात भंडाऱ्याबिगर उंबऱ्याभाईर काय जात न्हाई. ह्ये तर नातवाचं पानी."

नातू दोन महिन्यांचा. सून राणी बाळंतपणाला उंब्रजला माहेरी गेलेली, तिला दूध कमी, म्हणून बाळाला पावडरीचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त असेल तर तान्ह्याचं दूध त्यात कालवायचं नाही, उकळूनही ते जात नाही. तपासणीचा कागद आल्याशिवाय राणी येणार नव्हती. बारशाला घटकाभर मांडीवर घेतलेलं पोर, त्यानंतर सुलाबाईंना दिसलं नव्हतं.

"आता त्या चाळणीतनं गाळलंस न्हवं?" त्यांनी टेबलावरच्या फिल्टरकडे बोट करत विचारलं. "मग इख असंल त्ये तितंच ऱ्हायलं. तसली एक चाळणी मला दे. रोज गाळीन."

"आजी, विरघळलेलं मीठ फडक्यात अडतं का? नायट्रेटही तसंच खाली उतरतं. ही गाळणी आमच्या यंत्राची नळी तुंबू नये म्हणून."

"मंजी यंत्राचं भलं, पोराचं न्हाई!"

"आणि भंडाऱ्यातलंही काही पाण्यात उतरलं असेल. हा नमुना चालणार नाही."

सुलाबाईंचा चेहरा पडला. "देवाचं घालून चुकलं व्हय माझं?"

काका त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. "देवाचं कसं चुकेल? भंडारा बाळाच्या कपाळी लावा, देव तिथंच खूश. बाटलीत मात्र नुसतं पाणी. विहिरीजवळ काय आहे हो?"

"बकऱ्यांचा वाडा. ऐंशी बकरी."

काकांनी अबोलीकडे बघितलं. ऐंशी बकऱ्यांच्या लेंड्या-मुतातलं नायट्रेट जिरत कुठं जातं, ते दोघांना ठाऊक होतं. "पुन्हा येताना गावच्या शाळेच्या बोअरचंही पाणी आणा."

चौथ्या दिवशी दोन नितळ बाटल्या आल्या. झाकणं मात्र पिवळी.

"भाईरनं लावलाय गं बाय. आत न्हाई, तुझी शपथ!"

अबोलीनं झाकणं पुसली आणि पिवळं झालेलं बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. या वेळी बारीक फिल्टरमधून पाणी विनातक्रार उतरलं.

दुपारी आकडे आले. नायट्रेटची मर्यादा लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमची. शाळेचं अठरा, विहिरीचं ब्याण्णव. अबोलीनं जसं होतं तसं सांगितलं.

सुलाबाईंनी विहिरीची बाटली हातात घेतली. "मालकानं सोता खांदलेली हीर," एवढंच म्हणाल्या. मग, "शाळंचं बाळाला चालंल?"

"चालेल. दर तीन महिन्यांनी तपासायचं."

"अर्धा कोस तर हाय. बकऱ्यांमागं मुलूख तुडवलाय म्या. लाव फोन राणीला."

अबोलीनं स्पीकरवर लावून दिला. सुलाबाई मोठ्यांदा बोलू लागल्या. "राणे, आपल्या हिरीचं पानी वाईट निघालं. बाळाला न्हाई चालायचं."

"मंजी मी यायचं न्हाई?" पलीकडून राणीचा आवाज आला.

"आगं ऐक की! शाळंच्या बोरचं चांगलं हाय. रोज सकाळी कळशी मी आनीन. वाडा बी हलवू पल्याड. कागद हाय माझ्याकडं, शिक्क्याचा."

"आत्याबाई," राणी म्हणाली, "हिरीचं आपनहून सांगितलंसा?"

"मग लपवू व्हय? प्येनार त्यो हाय."

राणीच्या नाकाचा सूंऽ आवाज आला. "सोमवारी येते. यांना स्टँडवर धाडा."

तेवढ्यात पलीकडून रडणं ऐकू आलं. सुलाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "उठला व्हय? त्याच्या कानाला लाव फोन. लाव, लाव."

आणि तिथंच, बाटल्यांच्या रांगेपुढं उभ्या राहून, त्या हलक्या आवाजात अंगाई गाऊ लागल्या. शेजारच्या खोलीत यंत्र घुरघुरत होतं. काका उठले आणि त्यांनी यंत्राच्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं.