पहिल्या खाचेतली नळी

धाकटीचा संशयी स्वभाव घरात प्रसिद्ध होता. दूध आणलं की ती आधी हुंगायची, मग तारीख वाचायची आणि मग पुन्हा हुंगायची. प्रयोगशाळेत मात्र याच स्वभावाचं चीज झालं होतं. शस्त्रक्रियेत काढलेल्या फुफ्फुसाच्या गाठीत कोणती जनुकं किती जोरात काम करताहेत, हे ती मोजायची. त्यावरून कर्करोग पुन्हा उलटण्याचा धोका किती, याचा अंदाज येई आणि केमो द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवत.

थोरल्या बहिणीची, ताईची, फुफ्फुसातली गाठ काढल्यावर तीही तिने तपासली. ताईचा अहवाल आला: धोका कमी, केमो नको. ताईने आनंदाने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. धाकटीच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. गाठ चांगली लिंबाएवढी होती. मग आकडा इतका गोड कसा?

संशय अर्थातच प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यावर गेला. स्वारी कानात गाणी घालूनच काम करायची.

"खरं सांग, ताईची गाठ तपासली त्या दिवशी काही घोळ घातलास का?"

"मी? त्या दिवशी मला नळ्यांना हात तरी लावू दिलास का तू?"

खोटं बोलत असेल, असं म्हणत तिने मूळ आकडे उघडले. ताईच्या रकान्यात पुरुषांमध्येच असणारी जनुकं जोरात चालू होती. शेजारचा रकाना एका निवृत्त चालकाचा होता. त्यात ती चिडीचूप, आणि धोका भलताच जास्त.

तिने त्या दिवसाची यादी काढली. तीत पहिला चालक होता, दुसरी ताई. पण हात ताजे आहेत तोवर ताईचं काम उरकावं, म्हणून तिनेच ताईची नळी पहिल्या खाचेत ठेवली होती. यादी बदलायची राहून गेली होती, म्हणून दोघांचे आकडे एकमेकांच्या नावावर गेले होते. इतरांच्या नळ्यांची ती तीनतीनदा पडताळणी करायची. स्वतःवर संशय घ्यायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना सगळं सांगितलं. चालकाला केमोचा पहिला डोस देऊन झाला होता. बाईंनी ताबडतोब त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ताईला कळवायचं काम धाकटीने स्वतःकडे घेतलं.

"बोल गं!" ताईचा आवाज खणखणीत होता. "आत्ताच नणंदेला सांगत होते, माझी तपासणी माझ्या बहिणीने स्वतःच्या हातांनी केलीय. दुसऱ्या कुणी केली असती ना, तर माझा विश्वासच बसला नसता."

धाकटीला रडू आवरेना.

"ताई, तो अहवाल तुझा नाही. माझ्याच हातून नळ्यांची अदलाबदल झाली. तुझा धोका जास्त दिसतोय; खात्रीसाठी तपासणी पुन्हा करायचीय."



"म्हणजे केमो घ्यावी लागणार," ताई हळूच म्हणाली. "बरं. पण या वेळी नळी दुसऱ्या कुणाला तरी हाताळू दे."