शिवण राहिलेली जोडी

मित्रांनो, मी डग्लस फरच्या लाकडाचा एक जुना, दीड इंच जाडीचा खांब आहे. कॅलिफोर्नियातल्या फर्नडेल गावात, लुसिंडाबाई सिल्वेरा यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत मी तेवीस वर्षे उभा आहे. त्यांतली बरीच वर्षे ऐटीत काढली, याचीच आज लाज वाटते.

इकडे जमीन वरचेवर हलते. म्हणून भिंतीला प्लायवूडचे मोठे तक्ते ठोकतात आणि दोन तक्ते मिळतात तिथे जाड खांब लावतात. तसा खांब वखारीत नव्हता. त्याऐवजी माझ्यासारखे दोन चालतात, पण ते एकमेकांना ओळीने खिळे मारून शिवावे लागतात. डाव्या तक्त्याची कड माझ्यावर होती, उजव्याची माझ्या जोडीदारावर. एका तक्त्यावर आलेला जोर दुसऱ्यापर्यंत पोहोचतो तो या खिळ्यांतूनच.

लुसिंडाबाईंचा भाऊ अल्वारो सुतार. त्याने आम्हांला वर एक, खाली एक खिळा मारून उभे केले. बाकीचे जेवणानंतर मारणार होता. तेवढ्यात बांधकाम तपासणाऱ्या सरकारी अधिकारी टिलटसनबाई आल्या.

"शिवलंस ना रे दोघांना?"

"शिवलं की. एवढाही भरवसा नाही का बाई?"

"तुझ्यावर? बरं, जोडी झकास दिसतेय." खिळे बाजूने मारतात; त्यांनी समोरूनच पाहिले आणि मला थोपटले.

मी फुगून गेलो. थंडी अडवायला भिंतीत कापूस भरणारे कामगार दारात थांबलेच होते. पोकळी भरली, वर प्लास्टरबोर्ड चढला. अल्वारो पाहत राहिला.

गेल्या महिन्यातल्या भूकंपात मी वर सरकलो, जोडीदार खाली. भिंत तिरकी झाली, दाराची चौकट आवळली आणि लुसिंडाबाई तासभर आत अडकल्या. अल्वारोने पहारीने दार तोडले, मग भिंत उघडली.

"लाकूड कुजलं का रे दादा?"

त्याला नुसते 'हो' म्हणता आले असते. सगळा दोष माझ्यावर आला असता.

"लाकूड धड आहे. मी मधले खिळेच मारले नाहीत. मारले म्हणून सांगितलं."

लुसिंडाबाईंनी माझ्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "जमीन हलली की मी याच भिंतीशी येऊन उभी राहायचे. तू बांधलीस म्हणून."

अल्वारोने हातोडा आणि खिळे आणले. त्याच दिवशी त्याने आम्हांला सरळ केले आणि शिवले.

मित्रांनो, अर्धे काम कुणी न पाहताच वाखाणले, तर तिथेच सांगा की ते अर्धे आहे. मला बोलता येत नव्हते. तुम्हांला येते.