घडी मोडताना

सेकंदकाट्याच्या टोकाशी मोहरीहून बारीक असा एक केशरी ठिपका होता. तो उड्या मारत पुढे जात नव्हता, नुसता सरकत होता, आणि श्रावण त्याच्याकडे पाहत वाट बघत होता – ठिपका बारावर पोचण्याची नव्हे, स्वतःच्या पोटात काहीतरी हलण्याची. एक फेरी झाली. दुसरी झाली. पोट आपलं गप्प. सकाळी खाल्लेले पोहे तेवढे जागच्या जागी होते.

“हे निळं, पाण्याखालचं, सर. पाणबुडे वापरतात,” वैभव म्हणाला. नागपूरच्या सदरमधल्या या दुकानात तो पांढरे हातमोजे घालून घड्याळं दाखवायचा, आणि श्रावणला तो कितीतरी वर्षं ओळखत होता. “आणि हे पांढऱ्या तबकडीचं, मोटारींच्या शर्यतीवाल्यांचं. यात आत तीन छोट्या तबकड्या आहेत, बघा. दोन्ही एकाच वेळी हाती लागली, हे नशीब समजा. फक्त कंपनीचा नियम आहे, एका माणसाला एकच. तुमच्यानंतर यादीत लोक थांबलेत, म्हणून संध्याकाळपर्यंत सांगून टाका.”

श्रावणला पोहता येत नव्हतं. अंबाझरीचा तलावही त्याने आयुष्यभर काठावरूनच पाहिला. आणि गाडी तो अशी चालवायचा की बाजूने सायकलवाले मान वळवून बघत जायचे, त्यावरून धनश्री – त्याची बायको – त्याला अजून चिडवते. पण घरच्या कपाटातली सगळी घड्याळं अशीच तर होती, वैमानिकांची, गिर्यारोहकांची, पाणबुड्यांची, आणि त्यांतलं एकही घेताना ‘मला याचा काय उपयोग’ असा प्रश्न त्याला पडला नव्हता. ओढ लागायची, बस्स. पोटात खड्डा पडायचा, जेवण जायचं नाही, रुग्णालयाच्या जिन्यात थांबून फोनवर त्याच त्या घड्याळाचे फोटो मोठे करकरून बघायचे, धनश्री म्हणायची, “लग्नाआधी माझ्यासाठी तरी असे झुरला होता का हो?” – आणि तो खरंच झुरलेला असायचा. आज दोन-दोन समोर मांडलेली, आणि आत… आत काय, तर दुपारी भूल द्यायची आहे ते ऑपरेशन किती वाजता आहे एवढंच.

“संध्याकाळी येतो,” तो म्हणाला.

“आवडली नाहीत का, सर?”

“छे, छे. सुंदर आहेत.” आणि ती सुंदर होतीच, तोच तर घोळ होता.

धंतोलीतल्या रुग्णालयाकडे जाताना त्याने स्वतःला बजावलं की यात घाबरण्यासारखं काही नाही. साठीच्या आसपासच्या माणसाला एखाद दिवशी एखादी वस्तू नाही आवडत. पण हे एखाद दिवसाचं नव्हतं ना! उन्हाळ्यात आंबे आले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं होतं – आंबा गोड होता, त्याने खाल्ला, साल ताटात ठेवली, आणि दुसरा मागितला नाही. मग पोटाचं काहीतरी असेल म्हणून औषध घेतलं. मग प्रणाली बंगळूरहून येऊन आठवडाभर राहून गेली. लेकीला विमानतळावर सोडून परत येताना दर वेळी त्याचे डोळे भरायचे, रस्ता धूसर व्हायचा, वर्ध्याच्या रस्त्यावर कडेला गाडी थांबवून नाक शिंकरावं लागायचं. या वेळी रस्ता स्वच्छ दिसत होता. पार्किंगची पावती कुठे ठेवली, एवढंच मनात. घरी येऊन त्याने चहा केला आणि चहा पिता पिता हात थांबला – अरे, मी आता रडायला हवं होतं…

डॉक्टर असल्यामुळे त्याने डॉक्टरासारखंच केलं. रक्त तपासलं. सगळं ठीक. सर्जन मित्राला सांगितलं तर तो मोठ्याने हसला, “अरे, वैराग्य आलं तुला! लोक त्यासाठी हिमालयात जातात.” वैराग्य! वैराग्याला आधी हातातलं सोडावं लागतं, आणि याने तर काहीच सोडलं नव्हतं; झोपेत कुणी मुठीतून काढून घ्यावं तसं ते गेलं होतं. आणि गेलं तेच त्याचं भांडवल होतं. उमरेडच्या कोष्टीपुऱ्यातून, मागाच्या खटखटीतून तो वर आला तो हुशारीवर नाही – त्याच्याहून हुशार पोरं तिथेच राहिली – तो आला हवंहवंच्या जोरावर. कंपासपेटी हवी, मेडिकलची जागा हवी, ज्या खोलीत मागाचा आवाज येत नाही अशी खोली हवी, वर्गातल्या एका मुलाच्या मनगटावर होतं तसं घड्याळ हवं. ते हवं होतं म्हणून मी होतो, असं तो मनाशी म्हणाला, आणि आता ते नसेल तर गाडी चालवतोय तो कोण? म्हणून तर त्याने या घड्याळांची वाट पाहिली होती. बाकी सगळं फिकं पडलं तरी हे नक्की हलवेल, असं त्याने ठरवलं होतं. आजचा दिवस म्हणजे परीक्षाच होती, आणि सकाळचा पेपर कोरा गेला.

दुपारी टेबलावर कन्हानच्या सिंधूताई होत्या. पित्ताशयातले खडे. भुलीचा डॉक्टर म्हणून श्रावणने त्यांच्या हाताची शीर शोधली, नेहमीसारखं विचारलं, “घाबरला नाहीत ना, ताई?”

“घाबरतो कशाले? मले एवढंच सांगा डॉक्टरसाहेब, उठल्यावर वडाभात भेटन का?”

परिचारिका हसली. श्रावणही हसला. “आज नाही, ताई. थोडे दिवस पेजच.”

“मंग काय उपेग,” त्या म्हणाल्या, आणि वडाभाताचा विचार तोंडावर तसाच ठेवून झोपी गेल्या.

पुढचा सगळा वेळ तो त्यांच्या डोक्याशी बसून होता, पडद्यावरच्या हिरव्या रेघेवर लक्ष ठेवून, आणि त्याला त्या बाईचा हेवा वाटत होता. निव्वळ हेवा. पोट उघडायला निघालेत, आणि हिला कढीत बुडवलेला वडा दिसतोय, वरून फोडणीचं तेल… मी आयुष्यभर लोकांना भूल दिली, त्यातली थोडी मलाच लागली की काय? – पण हेवा वाटला, म्हणजे काहीतरी वाटलं. त्याने ते धरून ठेवायचा प्रयत्न केला. सर्जनने कापूस मागितला, मॉनिटर एकदा कुरकुरला, आणि तेही निसटलं.

जयवंताबाईला डोळ्यांच्या दवाखान्यातून घ्यायचं होतं. बाई म्हणजे त्याची मोठी बहीण. उमरेडला असते, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला आली आणि सध्या त्याच्याकडेच राहते. आज तपासणी होती. ती काळा चष्मा लावून दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, आणि शेजारच्या कुठल्यातरी बाईला आपल्या सुनेबद्दल रंगवून सांगत होती.

“झालं? काय म्हणाले?”

“म्हणते, झकास हाये. आता मले सारंच दिसून राहिलं. तुह्या कानातले केसही दिसले.” गाडीत बसल्यावर तिने मान वळवून त्याला न्याहाळलं. “काहून गा, असा काहून दिसून राहिला? कोणी मेलं का टेबलावर?”

“नाही गं बाई. एक घड्याळ घ्यायचंय, ठरत नाहीये.”

“बाप्पा! पुन्हा घडी? त्या कपाटात एवढ्या हायेत, त्यायले जेवू घालाव लागत असतं तं भिकारी झाला असता.”

त्याने हसून गाडी सदरकडे वळवली. तिला सोबत नेण्याचं काही कारण नव्हतं. घरी सोडायला गेलो तर दुकान बंद होईल, एवढंच.

दुकानात वैभवने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मखमली ताटलीवर दोन्ही घड्याळं पुन्हा मांडली. श्रावणने निळं हातात घेतलं. वजन, थंडावा, काचेखालचं ते खोल निळं. मग पांढरं. मग पुन्हा निळं. आत हाक मारून पाहिली. कुणी ओ दिली नाही. तेव्हा त्याला खरोखर भीती वाटली, थंड, सरळ भीती: हे असंच राहणार. उद्या प्रणाली येईल, जाईल, धनश्री म्हातारी होईल, मी सगळं नीट करीन, कुणाला काही कळणारही नाही…

“ह्या एका घडीत तीन पिल्लं कशाले?” जयवंताबाईने काळा चष्मा वर करून पांढऱ्या घड्याळावर बोट ठेवलं.

“वेळ मोजायला, मॅडम. शर्यतीत.”

“आणि ही मोठी काय करते मंग? पाहते?”

वैभव हसू दाबत होता. तिने आता निळं उचललं, उजेडाकडे धरलं आणि श्रावणला म्हणाली, “नवी हाये न? तुले ठरत नसन तं देऊ का मी घडी मोडून?”

वैभवचा हातमोजा झपकन पुढे आला. “मॅडम, मोडून…? प्लीज, सर, हे जरा –”

“तोडत नाहीये ती,” श्रावण म्हणाला, आणि समजावून सांगताना त्याला हसू आलं. “नवी साडी असते ना, ती पहिल्यांदा नेसायची म्हणजे घडी मोडायची. आपली नवी साडी आपल्या माणसाला आधी नेसायला देतात. तू घडी मोड, म्हणतात. हिला घड्याळ म्हणजेही घडीच.”

“हां हां, आमच्या आजीकडे म्हणायचे,” वैभव म्हणाला, पण हातमोजा त्याने लगेच मागे घेतला नाही.

आणि बोलता बोलता श्रावणच्या मनात आलं की आपल्या घरात ही चाल कुणी पाळलीच नव्हती. पाळणार कशी? घरात सदा नव्या साड्या, आणि एकही आपली नाही. आई – अनुसया – मागावरून साडी उतरवायची, घडी घालायची, आणि दोघांना बजावायची, अंगाले लावू नोका वं, शेठले समजते. जयवंता मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, पुढे मागावरही बसली, हा अभ्यास करायचा. आणि ती कधी, चुकूनही, पदर खांद्याला लावून आरशात बघायची नाही. बघितलं नाहीच, की मी पाहिलं नाही? पोरीला वाटलं नसेल? एवढे रंग बोटांखालून जाताना…

तिने बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि हात वैभवपुढे धरला. त्याने निळं घड्याळ तिच्या मनगटाला बांधलं. पट्टा सैल होता. घड्याळ फिरून आत गेलं. तिने ते बोटाने वर आणलं, दाबून धरलं, आणि पाहत राहिली. श्रावण तिच्या चिडवण्याची वाट पाहत होता. पण तिच्या नव्या डोळ्यात पाणी आलं होतं, ते उजेडानेही आलं असेल. ओठ जरासे उघडे. तिचा असा चेहरा त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. जत्रेतल्या पाळण्यापुढे उभ्या राहिलेल्या पोरीचा होता तो.

“श्रावण,” ती हळूच म्हणाली. “ही मलेच राहू दे.”

थट्टा नव्हती. तिने कधीही काही मागितलं नव्हतं, म्हणून मागण्याची तिला सवय नव्हती, म्हणून ती सरळ मागत होती. त्याने ‘घे ना’ म्हणायला तोंड उघडलं. दुसरं काय म्हणणार होता? जिच्या कांड्यांवर मी शिकलो… आणि नेमकं त्याच क्षणी पोटात असं काही आवळलं की त्याला टेबलाची कड धरावी लागली. नाही. ते माझं आहे. सकाळपासून माझ्यासाठी ठेवलंय. तिच्या त्या सुरकुतलेल्या मनगटावर ते निळं असं काही चमकत होतं, असं त्याच्या हातावर एकदाही चमकलं नव्हतं.

“मले दे न वं,” त्याच्या तोंडून निघालं, आणि हात आपोआप पुढे झाला. “ते माह्यं हाये.”

उमरेड सोडल्यापासून तो असं बोलला नव्हता. वैभव त्याच्याकडे बघायला लागला. जयवंताबाईनेही पाहिलं, आणि मनगट छातीशी धरलं.

“नाही देत.”

किती नीच आहेस रे तू, त्याने स्वतःला म्हटलं, आणि कान तापले, आणि डोळे असे अचानक भरले की बाईचा चेहरा, घड्याळ, बांगड्या सगळं एकमेकांत मिसळून गेलं. ते घड्याळ हवंय, की ते घालून ती जशी दिसतेय ते हवंय, की त्या दोघा बहीणभावांच्या मधे पडलेल्या साऱ्या न मोडलेल्या घड्या – त्याला कळत नव्हतं. वैभव कुठून तरी लांबून विचारत होता, सर, मग कोणतं पॅक करू? श्रावणची नजर त्या मनगटावरून हलेना. पण हवं होतं. लाज वाटावी इतकं, शेंबड्या पोरासारखं हवं होतं, आणि बहिणीपुढे पसरलेला हात मागे घ्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.