अर्धा आटा

"पाचच्या आत ही गिटार वाजती केलीस, तर दुसरं टेबल तुझं," वहिनीचा नवरा सकाळीच तिला म्हणाला होता. "नाहीतर काउंटर सांभाळायचा आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

दुरुस्तीच्या त्या दुकानात दोन टेबलं होती. एकावर नणंद काम करायची. दुसऱ्यावर तिनेच मुद्दाम रिकामी खोकी रचून ठेवली होती.

गिऱ्हाइकाला आपल्या इलेक्ट्रिक गिटारला जाड तारा हव्या होत्या. वहिनीने जुन्या काढल्या, नव्या चढवल्या आणि सुरात लावायला घेतल्या. एक तार जमली की बाकीच्या पाच उतरत. वर तारा इतक्या उचलल्या गेल्या की दाबताना बोटं दुखू लागली. गिटारची मान वाकली असणार, असं तिने ताडलं आणि मान सरळ ठेवणारी आतली सळई किल्लीने अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, आवळली. ढिम्म फरक नाही.

"पिळा अजून," नणंद म्हणाली. "धुणंच पिळताय ना, वहिनी?"

"वन्सं, माहीत असेल तर सांगा."

"मला कोणी सांगितलं होतं? दहा वर्षं डोकं फोडलंय इथे. तुम्ही तर शिकलेल्या."

वहिनीने दात आवळले. गिटार आडवी धरून ती डोळ्यांच्या रेषेत आणली. तारा जिला अडकवतात ती घोडी पुढे कलली होती. पाठीतल्या स्प्रिंगा तिला मागे ओढतात, तारा पुढे. जाड तारांची ओढ वाढली होती आणि स्प्रिंगा कमी पडल्या होत्या. मानेचा काही दोषच नव्हता!

तिने पाठीवरचं झाकण उघडलं. स्प्रिंगांचे स्क्रू थोडे आवळायचे, सूर लावायचा, पुन्हा आवळायचे. तासाभराने घोडी सपाट बसली आणि सहाही तारा सुरात ठरल्या. फक्त मानेच्या वरच्या टोकाच्या पट्ट्यांवर तारा घासून खरखर येत होती. तो तिचाच अर्धा आटा होता. तिने तो उलटा फिरवला. खरखर गेली. पाचला दहा कमी होते.

गिऱ्हाईक आलं, वाजवून खूश झालं. नणंदेने लगबगीने गिटार पेटीत घातली. "न्या, न्या. वहिनींनी केलीय."

आजवर वन्संनी कुणाची पेटी भरून दिली नव्हती. वहिनीला लख्ख कळलं. सळई आवळून सैल केलेली मान रात्रभर थोडी थोडी हलत राहणार, उद्या गिटार तक्रार घेऊन परत येणार, आणि वन्सं तेवढ्याचीच वाट पाहतायत.

"आज नेऊ नका," ती गिऱ्हाइकाला म्हणाली. "मी चुकून सळई आवळली होती. मान स्थिर व्हायला रात्र जाईल. सकाळी पुन्हा तपासून देते."

गिऱ्हाईक कुरकुरत निघून गेलं.

"पाच वाजले, दादा," नणंद काउंटरवरच्या भावाला म्हणाली. "आणि चूक तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केली."

नवऱ्याने बहिणीकडे पाहिलं. "मान हलणार हे तुला माहीत नव्हतं?"

"मला काय विचारतोस? आटा मी फिरवला का?"

"तरी पेटीत घातलीस."

नणंदेने पाठ फिरवली. नवरा पुढे काही बोलेल म्हणून वहिनी थांबली नाही. तिने दुसऱ्या टेबलावरची खोकी एकेक करून नणंदेच्या टेबलाखाली सरकवली आणि गिटार तिथे ठेवली.

"पाय कुठे ठेवू मी?" नणंद ओरडली.

"बघा, वन्सं," वहिनी म्हणाली. "तुम्हाला दहा वर्षांचा अनुभव आहे."