शिवेबाहेरच्या बाया

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरच्या पळसाच्या फांद्या, फुटकी सुपं, झिजलेले खराटे एका टोपलीत भरायचे आणि 'खोकला, ताप, रोगराई घेऊन जा गे मारबत!' असं रोगराईच्या बाईला, मारबतीला, ओरडून सांगत शिवेबाहेर नेऊन टाकायचे. गोंदियात हे काम गावपुजारी मनिराम बत्तीस वर्षं करत होता. नागरा गावाच्या वाटेवर एक मोहाचं झाड होतं. त्याखाली टोपली रिकामी करायची आणि मागे न पाहता परत फिरायचं.

आगगाडी आली, मागोमाग धानाच्या गिरण्या आल्या आणि गाव कुठे संपतं ते दर वर्षी बदलू लागलं. मोह तोडला गेला. त्या जागेवर एका गिरणीमालकाने मजुरांसाठी छपरावर कवेलू घातलेल्या खोल्या बांधल्या. शेवटच्या खोलीत मनिरामची लेक कुंता राहायला आली. तिचा नवरा सेवकराम गिरणीत पोती वाहायचा.

श्रावणात कुंता बापाकडे आली ती पार सुकलेली.

"बाबा, दुपारी माह्या दारात बाया येऊन बसतात. खोकतात. काल इचारलं, कोणाच्या वो तुमी? तर म्हणे, तुमच्याच गावच्या. तुह्या बापानंच आणून सोडलं."

मनिरामच्या हातातली विडी तशीच विझली.

त्या वर्षी मारबतीची टोपली घेऊन माणसं कुंताच्या दारापाशी थांबली. "टाका ना, पुजारी," कोणीतरी म्हणालं.

"अजून समोर चला."

पुढे लाकडाची वखार होती. तिथला राखणदार काठी घेऊन धावला, "इधर मत डालो!" त्यापुढे नवी घरं, त्यापुढे आणखी एका गिरणीचा पाया. एकेक माणूस मागे सटकत गेला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मनिराम एकटाच रुळाजवळ उभा होता. समोर रिकामी मालगाडी होती.

"डब्यात फेक ना, बाबा," ईश्वरदास नावाचा बैलगाडीवान हसत म्हणाला. "कलकत्त्याले जाईल."

मनिरामने टोपली उचलली, अगदी डब्यापर्यंत नेली. मग खाली घेतली.

"तिथं बी कोणाच्या लेकीबाळी राहत असतील."

तो उलट पावली कुंताच्या दारी आला. उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवला, हात जोडले.

"माह्यानं चूक झाली. चला, माह्या घरी चला."

टोपली डोक्यावर घेऊन तो निघाला. दारात उभ्या कुंताला त्याच्या मागून खोकत जाणारे पुष्कळ आवाज ऐकू आले.

तिच्या दारी पुन्हा कोणी बसलं नाही. मनिरामच्या घरी मात्र लोकांनी जाणं सोडलं. भर दुपारी तिथे बायांचं बोलणं ऐकू येतं, म्हणत. पुढच्या पोळ्याला त्याला कोणी बोलावलं नाही. कुंता रोज भात घेऊन जायची.

"बाबा, तुमाले भेव नाही लागत?"

"कायचा भेव? रातभर खोकतात बिचाऱ्या. त्याहिले झोप नाही."

चौथ्या वर्षी माघात मनिराम गेला. तोवर गिरणीमालकाला गोदामासाठी जागा हवी होती आणि मजुरांच्या खोल्या पाडायला घेतल्या होत्या. गोंदियात भाड्याची खोली मिळेना, मिळाली तर परवडेना.

सेवकराम म्हणाला, "बाबाचं घर रिकामं आहे."

"रिकामं नाही ते," कुंता म्हणाली.

तरी दुसरी जागा नव्हती. डोक्यावर अंथरूण आणि कडेवर पोर घेऊन ती बापाच्या दाराशी उभी राहिली. आत काहीतरी हललं. सेवकराम मागे सरकला.

"मी मनिरामची कुंता," ती मोठ्याने म्हणाली. "मले बी जागा द्या वो." आणि वाकून आत गेली.